पुढचं दार

अकरा दिवस बसलो होतो
धडगावच्या कचेरीपुढे,
मांडीवर वनदाव्यांचे कागद, फडक्यात भाकरी.
साहेब मागच्या दाराने यायचे, मागच्याच दाराने जायचे.
दगड नको, मीच म्हणालो होतो.
वेस्त्या हसला, "दादा, बहिऱ्याशी
किती हळू बोलशील?"

बाराव्या दिवशी काच फुटली.

साहेब पुढच्या दाराने आले
हात जोडून, मागे पाण्याचा जार.
पहिला पेला मला दिला,
मी शांत माणूस म्हणून.
प्यायलो. तहान होती.

वेस्त्या आता धुळ्याच्या जेलात.
इकडे त्याच्या ज्वारीवर पोपट उतरलेत.
मचाणावर त्याची गोफण घेऊन मी उभा,
दगड भरतो,
फिरवतो,
सोडत नाही.
नुसत्या सणसणाटानेही उडतात काही.

सगळे नाही.