फाटकाशी

कार्नार्वनच्या पुढे मोबाइल बंद करून
पत्र्याच्या पेटीत टाकायचे, असा नियम.
दुर्बिणींच्या कानाला त्रास नको.
वाऱ्याला, कोल्ह्याला आणि मला आवाजाची मुभा आहे.
मी कात्रीना फिसाखी. रात्रपाळी.
चौदा नंबरच्या तबकडीचं गारठवायचं यंत्र कुरकुरतं,
त्याच्या उशाशी बसते.

काल पडद्यावर एक दीर्घिका होती.
मध्यावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका,
दोन्ही अंगांनी निघालेले फवारे,
दीर्घिकेच्याही बाहेर, लाखो प्रकाशवर्षं,
ओळंबा लावल्यासारखे सरळ.

सकाळी घरी आले तर आपोल्स, माझा बाप,
गाढवगाडीवर कात्र्या घालून
अख्खा कारू भादरून आलेला माणूस,
विचारतो, काय जळतं गं तिथे एवढं?

काही जळत नाही.
मध्ये एक विवर आहे, काळं. त्यातून काही येत नाही.
दिसतं ते आत जाण्याआधीचं.
सरळ कुणाला पडता येत नाही,
प्रत्येकाच्या वाट्याला थोडं तिरकं चालणं आलेलंच असतं.
मग फिरतात. आतले जोरात, बाहेरचे सावकाश,
एकमेकांना घासतात, तापतात,
इतके, की दीर्घिकेतले सगळे तारे फिके.

तो तंबाखू थुंकला.
म्हणजे कोंडवाड्याचं फाटक, म्हणाला.
बाराशे मेंढ्या आणि दार एका मेंढीपुरतं.
एकही नीट जायची नाही. कडेने सरकायची, वळायची,
अंगाला अंग, जुलैच्या थंडीत लोकरीतून वाफ,
आणि धुळीचा खांब असा उभा चढायचा
की शेजारचा बूर नऊ मैलांवरून ओळखायचा,
आज कातरणी आहे.
फाटक काय करत होतं?
फाटक नुसतं अरुंद होतं.

मला शिकवायला आलेल्यांपैकी
कुणाला हे सुचलं नव्हतं.

ते शेत आता दुर्बिणींच्या कुंपणात आहे.
दुपारी पास दाखवून गेले.
बिजागरी गंजलेली. तारेत लोकरीचा एक धागा, करडा.
धूळ जमिनीवरच.
आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरही
असंच एक आहे म्हणतात,
बरंच मोठं, सध्या उपाशी.
त्याच्यात काही बिघडलेलं नाही.
मेंढ्या संपल्यात.

बापाला सांगितलं. त्याने खिशातले
मोजणीचे खडे चाळवले, वीस मेंढ्यांना एक,
आणि एवढंच विचारलं,
येताना फाटक लावलंस?

नाही, म्हटलं.