जोडण्या

सुगतनं लॅपटॉप उघडला, कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलं,
म्हणाला, मावशी, पान तयार झालं,
आता जोडण्या निवडायच्या.
हजारोनं आहेत. बहुतेक फुकट.

हजारोनं.
गणेशपेठच्या स्टँडवर सत्तावीस वर्षं मी एका खिडकीत बसले.
एक माईक, एक वेळापत्रक, खडूची एक पाटी.
माईकनं शिट्टी मारू नये म्हणून त्याच्यावर रुमाल बांधायची,
ती जोडणी तेवढी माझी स्वतःची.

लोक काय काय विचारायचे, ते लिहिते आता. रोज एक.
‘उमरेडची गेली का जी?’
‘माह्या मामाचं गाव कोन्त्या फलाटावून जाते?’
‘अन् गाडी भरलीच नाही तं जाईन का?’
पानाचं नाव : चौकशी.

सुगत एकेक लावून दाखवत गेला.
पानावर बर्फ पाडणारीही एक होती.
पांढरे ठिपके, हळूहळू, माझ्या अक्षरांवर.
बाहेर पंचेचाळीस.
कूलरचा पंप सकाळपासून दोनदा बसलेला.
दोन मिनिटं आम्ही दोघंही नुसते बघत राहिलो.
मग मी म्हटलं, काढ बे, वाचता येत नाही.

‘थांबा, जाऊ नका!’ म्हणत आडवी येणारी पाटी.
तीही काढ.
मी अशी कोणाला अडवली असती
तर त्याची गाडी चुकली असती.

शुद्धलेखनाची मात्र मी हौसेनं मागितली,
ऱ्हस्व-दीर्घाशी माझं कधी पटलं नाही.
तिनं माझ्या चुका धरल्या, आणि लगेच
‘माह्या’खाली लाल रेघ ओढली,
‘कोन्त्या’खाली, ‘फलाटावून’खाली.
टोपलीत कोंबडी घेऊन आलेल्या एका बाईचं
अख्खं वाक्य लाल झालं.
जणू मी खिडकीतून म्हटलं असावं,
आधी नीट बोल, मग गाडी सांगते.
फक्त माझ्या वाक्यांना लाव, म्हटलं.
सुगत म्हणाला, तसं वेगळं होत नाही, मावशी.
राहू दे मग.
फलाटालाही रेघ असते,
लोक तिच्या पलीकडेच उभे राहतात.

मोजणीची जोडणी पंधरा दिवस ठेवली.
आज : तीन. एक मी, एक सुगत,
आणि एक ठिपका पांढुर्ण्याकडचा,
रोज रात्री दोनला येणारा.
पंधरा दिवस मी त्या ठिपक्यासाठीच लिहिलं,
जरा जास्त रंगवून.
एक प्रश्न तर बनवलाच.
कोणी तो विचारलेला नव्हता.
सुगत म्हणाला, माणूस नसेलही तो,
रात्री यंत्रं फिरतात अशी, पानं हुंगत.
मी तो प्रश्न पुसला.
मोजणी काढून टाक म्हटलं, कारण विचारू नको.

काय उरलं?
शोधायची चौकट ठेवली, कारण माणसं गावाचं नाव अर्धंच सांगतात.
रोज एक प्रत दुसरीकडे जाते.
(वेळापत्रकाची दुसरी प्रत माझ्या डब्याच्या पिशवीत असायची.
एकदा खिडकीत पाणी शिरलं, तेव्हा
साहेब त्या हळदीच्या डागासकट
ती छातीशी धरून धावले.)
आणि लिहिता लिहिता आपोआप जपून ठेवणारी एक,
जिचं काम दिसतच नाही.

काल दुपारी लाइट गेली.
लॅपटॉपची बॅटरी माझ्या गुडघ्यांसारखी,
पडदा काळा, कूलर मुका,
खालच्या पानठेल्यावर कोणीतरी वीज कंपनीच्या नावानं ओरडलं.
तासाभरानं आली.
उघडून बघते तर शेवटची ओळ होती, अर्ध्यात तुटलेली :
‘काटोलची शेवटची गाडी गेली म्हटल्यावर
तो बाकावर बसला, चप्पल काढली,
म्हणाला, मंग मी इथीच’

इथीच.
खाली लाल रेघ.

पुढचं मला आठवतं.
चहा ठेवते आधी.