चालत आलेल्याला तिकीट नाही

हे मी केरीच्या फेरीवर दिवसातून चाळीसदा सांगतो,
परगावच्या माणसाचा हात तरी खिशात जातोच.
फुकट म्हणजे काहीतरी गोम असणार
अशा नजरेनं तो आधी मला बघतो, मग पाण्याला.

तसाच मी बघितलं होतं
पेडण्याच्या वाचनालयातल्या सुलक्षाकडे,
तिनं माझ्या फोनवर पुस्तकांची यादी उघडून दिली तेव्हा.
हवं ते उतरवून घ्या, म्हणाली.
आणि पैसे?
लेखक जाऊन साठ वर्षं झाली, की पुस्तक सगळ्यांचं.
म्हणजे कोमुनिदादीच्या शेतासारखं, मी म्हटलं.
ती हसली. हो, पण ह्याचे प्लॉट पाडता येत नाहीत.

आता धक्क्यावर असतानाच मी पुस्तक लावून ठेवतो.
मधल्या ओढीत फोनला वाटतं आपण राज्य ओलांडलं,
महाराष्ट्रात आपले स्वागत आहे, तो म्हणतो,
आणि पुस्तक बासष्ट टक्क्यांवर अडतं.
उरलेलं परतीच्या खेपेत.

परवा उतरलेल्याला पहिलं पानच नाही,
नाव कसरीनं खाल्लेलं.
गोष्ट एका शिंपिणीची आहे, मशीन उधारीवर घेतलेली,
आणि प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला
एक अंगठा.
फोटोसाठी पान दाबून धरलेला.
नखाच्या कोपऱ्यात हळद.
चाळिसाव्या पानाशी ती फिकटते,
नव्वदाव्यावर अंगठ्याला चिंधी.
मध्ये काय झालं? विळी लागली? दार?
शिंपिणीचे हप्ते थकत चालले होते
आणि मी चिंधीवरचा डाग मोठा होतो का ते बघत होतो.

एकशे तेरानंतर एकदम एकशे सोळा.
तेवढ्यात मशीन विकलं गेलंय.
का विकलं, कुणाला, काही पत्ता नाही.
कितें रे जालें, सगुणनं इंजिनातून विचारलं.
सांगितलं.
हात पुसत तो म्हणाला,
दोन पानं एकदम परतली असतील,
डुलकी लागली असेल बिचारीला.

बिचारीला.
एकशे सोळा पानं मी हळद बघत आलो
आणि अंगठा पुरुषाचाच धरून चाललो होतो.

मग मागे जाऊन सगळा पुन्हा वाचला.
अंगठा, म्हणजे.
शेवटच्या पानावर तो नाहीच.
पान आपोआप सपाट पडलं असेल,
किंवा तिला कुणी हाक मारली असेल आतून.

आज दुपारच्या खेपेला तेरेखोलची एक म्हातारी चढली,
टोपलीत नीरफणस, मुठीत दहाची नोट.
लागत नाही, मी म्हटलं,
आणि नोट परत करताना
तिच्या नखांकडे बघत राहिलो,
ती हात ओढून घेईपर्यंत.