खाली लागलेलं

सोहार बंदरात जूनमध्ये
साडेबाराला भोंगा होतो.
साडेतीनपर्यंत उन्हातलं काम बंद.
उन्हाला कायदा आहे.
एसीला नाही.
टाइम ऑफिसात बसून मी
तीनशे बारा माणसांचे तास मोजतो,
माझे सोडून.

परवा वरून कागद आला, बारा प्रश्नांचा.
सातवा : गेल्या महिन्यात किती वेळा थकल्यासारखं वाटलं?
कधीच नाही, क्वचित, अधूनमधून, नेहमी.
क्रेनवरच्या हिदायत मुकादमनं
चारही चौकटींत खुणा केल्या.
"महिन्याचे आठवडे चार, खोत.
ओळीनं वाच."

मी हसलो. तो नाही.
मग म्हणाला, काल वर, चाळीस मीटरवर,
कंटेनर खाली सोडताना
धाकटीचं नाव आठवेना.
हातांना सगळं आठवत होतं,
लिव्हर, दोर, वारा.
तेवढंच नाही.

रजिस्टर काढलं. सत्तावीस दिवस सलग,
ओटी एकशे चार तास.
अक्षर माझं.
खाली सहीही माझीच.

रात्री खोलीवर भाताची पाळी माझी.
हप्त्याचा मेसेज वाचत राहिलो
आणि वास आला.
झाकण उघडलं तर वर पांढराशुभ्र, शितं सुटी,
कुणीही म्हणेल छान झालाय.
बिनू पळी घेऊन धावला.
ढवळू नको, मी ओरडलो,
ढवळलास तर सगळ्याला वास लागेल.
आधी गॅस बंद कर.
वरचा वरचा काढून घे.
तळ खरवडू नको.

आवाज जरा जास्तच चढला असावा.
दोघेही गप्प जेवलो.

सकाळी झुवैना मॅडमच्या टेबलावर गठ्ठा ठेवला,
वर रजिस्टरचं ते पान.
त्यांनी पोस्टर दाखवलं : मन:शांतीचा वर्ग, गुरुवारी सहाला.
म्हटलं, चांगलंय मॅडम,
पण आधी गॅस.
त्यांना कळेना.
मग बोट ठेवलं, एकशे चारवर,
आणि उचललं नाही.

मुकादमला चार दिवस मिळाले.
चारच.
बदलीवर कोण, ते ठरायचंय,
आणि पाचव्या दिवसाचं कुणी बोलत नाही.
पहिल्या दिवशी तो सतरा तास झोपला
असं त्याच्या खोलीवाल्यानं सांगितलं.
नावाचं मी विचारलं नाही.

आज तक्त्यात तळाशी
एक नवी ओळ आखली.
खोत. आत आठ दहा. बाहेर,
ती जागा अजून कोरी आहे.

भांडं मोरीत भिजतंय, तिसरा दिवस.
घासायची घाई नाही.