सतराव्या पानावरचा मासा

दोन द्या, एक घ्या.
वॉशिंग्टन बेंतांकोरच्या टपरीचा एवढाच कायदा.
नाव वॉशिंग्टन, पण गडी माँटेव्हिडिओच्या वेशीबाहेर
एकदाच गेलेला, तोही मेव्हण्याच्या मयताला.
काखेत थर्मास, हातात मातेचा तुंबा,
आणि मागे फळीवर खिशात मावतील एवढाल्या कादंबऱ्या,
शंभर हातांनी मऊ झालेल्या,
कोपरे भाजल्या पापडासारखे वर वळलेले.

मी ला तेहाच्या लोकर गिरणीत रात्रपाळीला.
दोन ते अडीच जेवणाची सुट्टी,
तेवढ्यात चाळीस पानं होतात.
वाचायचे मी फक्त घोड्यांची. घोडे, धूळ, शेरीफ,
आणि शेवटी कुणीतरी एकटाच निघून जातो, ते.
लिहिणाऱ्यांची नावं अमेरिकन; वॉशिंग्टन म्हणतो,
सगळे बार्सिलोनाचे कारकून,
घोड्याच्या शेपटीला हात लावला असेल तर शपथ.

आता ही पुस्तकं दिसायला सख्ख्या बहिणी.
वाचलेलं पुन्हा पदरात पडू नये
म्हणून जो तो आत खूण करून ठेवतो.
माझी खूण बटण: एक गोल, आत दोन टिंबं.
आणि जिथे जिथे मी बटण काढायला जाई,
तिथे सतराव्या पानाच्या तळाशी
पेन्सिलीचा एक मासा आधीच येऊन बसलेला.
एका रेघेत काढलेला. शेपूट जरा आखूड.

जुलैत घोडे संपले.
जे उचलावं त्यात माझंच बटण.
"आता काय, गाढवं मागवू, दोन्या एर्मेलिंदा?"
असं म्हणत त्यानं पुढे सरकवलं एक गुलाबी,
कव्हरवर डॉक्टर, डॉक्टरच्या खांद्यावर बाई.
मी हसून परतच ठेवणार होते.
सहज सतरावं पान उघडलं.

मासा.

म्हणजे जो माझ्याबरोबर एवढ्या खिंडी ओलांडून आला
तो इथेही बसून गेला होता,
या डॉक्टरच्या बाईपाशी, रडला की नाही कोण जाणे.
मी रडले. गिरणीत सांगितलं, लोकरीची धूळ गेली.

मग माशामागून मी कुठे कुठे गेले!
चंद्रावर, जिथे खाणकामगार संप करतात.
एका हवेलीत, जिथे आरसा माणसं मोजतो आणि एक जास्त भरतो.
बंद खोलीतल्या प्रेतापाशी तर आम्ही दोघं आठवडाभर होतो.
तिथे नव्वदाव्या पानावर त्यानं बारीक लिहिलं होतं:
माळ्यानं केलं.
माळ्यानं केलं नव्हतं.
त्या रात्री मला उगाच फार बरं वाटलं.

"कोण आहे हा?" मी विचारलं.
वॉशिंग्टननं तुंब्यात पाणी ओतलं, एक लांब घोट घेतला.
"इथे लोक पुस्तकं बदलायला येतात, बाई.
नावं कुणी आणत नाही."

सप्टेंबरात एक कोरं आलं. अगदी नवं, डिंकाचा वास येणारं.
समुद्राखाली वसलेलं गाव, आणि गावात एक पोस्टमन.
सतरावं पान रिकामं.
सोळावं पाहिलं, अठरावं पाहिलं, वेड्यासारखं एकाहत्तरावंही.
चांगलं असेल का? विचारायचं कुणाला?
नदीवरून वारा येत होता, बस चुकली होती,
मी थांब्यावरच सुरुवात केली.
मधे जरा रेंगाळतं ते. पण पोस्टमन चांगला आहे.
शेवटी मी सतराव्या पानाशी परत आले,
बटण काढलं, आणि दोन टिंबं देताना
हात थोडा थरथरला, हे खोटं नाही.

परवा ते पुस्तक टपरीवर पुन्हा दिसलं.
मासा नव्हता.
बटणाच्या शेजारी एक त्रिकोण,
नवा, इतका दाबून काढलेला
की अठराव्या पानावर उमटला होता.
शाळकरी हात वाटतो.

आता माझ्या पिशवीत आठ पुस्तकं आहेत,
त्यातली उद्या कोणती दोन द्यायची
यावर झोप अडली आहे.
चंद्र तर द्यायचाच.
हवेली? नको, लहान असेल तर घाबरेल.
की घाबरू दे?