दालन चार

ही इमारत पूर्वी गहाणखातं होती.
पालेर्मोत सगळ्यांनाच ते ठाऊक, आणि सांगत कोणीच नाही.
तांब्याची पातेली, कानातली, शिवणयंत्रं,
आणि मे लागला की गाद्या.
लोकरीच्या. उन्हाळ्यात कोणाला लागतात?

आई आमची गादी डोक्यावर घेऊन यायची,
मी मागून एक कड उचलून.
खिडकीतला कारकून दोन बोटं खुपसून
लोकर चाचपायचा
आणि थुंकावा तसा आकडा टाकायचा.
नोव्हेंबरात ती सोडवून आणायची.

एका वर्षी आली तेव्हा
मुदत तीन दिवसांपूर्वी टळलेली.
लिलाव होऊन गेलेला.
परतताना सोडवणुकीच्या पैशांतून तिनं
भाजलेले चेस्टनट घेतले, पुडीवर पुडी.
तेवढे आम्ही पुन्हा कधी खाल्ले नाहीत.

आता मी इथला पहारेकरी.
काल्चेदोनिओ, दुसरा मजला, दालन चार.
गळ्यात बिल्ला, बुडाखाली घडीची खुर्ची.
भिंतींना चुना दिलाय, कप्प्यांवरचे आकडे मात्र राखलेत;
नूतनीकरणवाल्या बाईंना ते फार आवडले म्हणे.
दोनशे बारा बरोबर माझ्या समोर.
तो आमचा नव्हे.

या मोसमात बर्गेनच्या एका चित्रकर्तीनं
चाळीस गाद्या रचल्यात, छतापर्यंत.
शेजारी पाटी: शीर्षक नाही.
लोक हात मागे बांधून उभे राहतात,
मान जराशी तिरकी.
एक प्राध्यापक विद्यार्थ्यांना समजावत होता,
शरीर नाही, म्हणून शरीर आहे.
बरोबरच असेल.
मे महिन्यातल्या लोकरीचा वास
त्याच्या बोलण्यात कुठं नव्हता, एवढंच.

पहिल्या आठवड्यात, दालन रिकामं बघून,
मी सगळ्या शिवणी तपासल्या. खालच्या, हात पोचेल तिथवरच्या.
आई हिरव्या दोऱ्यानं शिवायची.
या कारखान्यातल्या निघाल्या. आत फोम.

गुरुवारी शाळेची सहल आली.
एक पोरगं रांग सोडून पुढे सरकलं
आणि दोन बोटं त्यानं
गादीत खुपसली.

अलार्म.
मी उठलो. गुडघे दुखतात माझे,
गुरुवारी जरा जास्तच दुखले.
जवळ गेलो, वाकलो,
विचारलं, किती देशील?

बाई धावत येत होत्या.
पोरानं बोटं तशीच ठेवली,
पुन्हा एकदा दाबून बघितलं,
आणि खरंच हिशेब करू लागलं.