वीतभर मोकळं

बाहेर उणे चौतीस.
दारातली गाडी वायरीनं भिंतीला जोडलेली,
इंजिनाला रात्रभर ऊब मिळावी म्हणून;
नाहीतर सकाळी तिचा दगड.
विनिपेगला जानेवारीत
गारठून मरणारं पुष्कळ असतं.
आमच्याकडे मात्र एक यंत्र
उकडून बंद पडतं.

तेही नेमकं हॉकीच्या तिसऱ्या पिरियडला,
बरोबरी असताना.
आधी घरघर नाही, खोकला नाही,
टक्,
आणि बर्फावरचे सगळे मुके.
पडद्यावर हजारो तोंडं उघडी,
खोलीत फक्त आमची दोघांची.

ओरेस्ट रिमोटला शिव्या घालतो,
मग कंपनीला,
मग दान्यलोला, ज्यानं कॅल्गरीला जाताना
हा रिसीव्हर आणि पाच स्पीकर
आमच्या गळ्यात मारले.
दुकानातला पोरगा म्हणाला, वय झालंय, नवा घ्या.
वय झालंय म्हणून मी कधी
पेशंट परत पाठवला नाही.
एकतीस वर्षं वॉर्डात काढली, बहुतेक रात्रपाळीची.

तेव्हा ताप बघायला गेले,
तर हात ठेवायला जागाच नव्हती.

सगळ्यात वर मिल्को, साडेसहा किलो बोका,
कान फाटका, डोळे मिटलेले, परमानंदात.
त्याच्या शेपटीनं आडवा पाडलेला आमचा लग्नातला फोटो.
खाली सासूबाईंनी भरलेला रुमाल,
लाल-काळ्या फुल्या, काठाला कोंबडे.
त्याखाली केबलचा डबा, तोही तापलेला.
आणि या सगळ्यांच्या तळाशी तो,
अक्रोडी कपाटात, दार लावून.

मुलांच्या वॉर्डात हे रोज बघायचे.
लेकरू फणफणलेलं,
आणि आई एकावर एक चढवतेय
दुलई, स्वेटर, अंगावरची शाल.
मी एकेक काढायला लागले की
अशी बघायची, जणू मी कातडंच सोलतेय.
काढू द्या, बाई. त्याला हवा लागू दे.
एवढं एकच वाक्य मी
क्री आणि तागालोगमध्येसुद्धा शिकले होते.

बोका उचलला. त्यानं ओरखडलं.
रुमाल काढताना मात्र माझाच हात अडला.
सासूबाईंनी या घरात उघडं काही राहू दिलं नाही:
पाव, रेडिओ, टेलिफोन,
पहिल्या हिवाळ्यातली मी.

जाळीत केसांचा आणि धुळीचा नमदा.
रंगाच्या जुन्या ब्रशनं हळूहळू मोकळी केली,
छातीतला कफ सुटावा तशी.
मग मापं सांगितली:
वर वीतभर, बाजूंना चार-चार बोटं,
डबा दुसऱ्या फळीवर,
आणि पाठीमागे भोक.

कपाट ओरेस्टनं स्वतः केलेलं.
भोक म्हटल्यावर दोन दिवस बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी गॅरेजमधून करवतीचा आवाज.
जुन्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला,
उलटा.
बाहेर जायची वाफ परत आत.
मी गप्प राहिले; लग्नाला त्रेचाळीस वर्षं झालीत.
"फिरवून बघू का?" त्यानंच विचारलं,
कल्पना त्याचीच असल्यासारखं.

शनिवारी सामना शेवटपर्यंत ऐकला.
शेवटची शिट्टीसुद्धा, मागच्या स्पीकरमधून,
अगदी कानाशी.
हरलो.

मिल्को आता कपाटाच्या मागे झोपतो,
पंख्याच्या तोंडाशी. तो माझ्याशी बोलत नाही.
रुमाल घडी करून ठेवलाय,
कुठे, ते ओरेस्टनं विचारलेलं नाही.

रात्री तो गाडीला वायर लावून आत येतो,
बूट झटकतो,
आणि मी स्वयंपाकघरात आहे असं समजून
कपाटाचं दार उघडतो,
दोन्ही तळवे जाळीवर पसरून
उभा राहतो.

मी घड्याळ बघते.
दोन मिनिटं.
तेवढं चालेल.